एका फिल्टरपायी भोपाळ

गुरुवारी सकाळी काटोल स्टेशनावर मी उभी होते, तेव्हा माझ्या पिशवीत दोन किलो संत्री, जवसाच्या चटणीचा डबा आणि ट्रॅक्टरचा जुना एअर फिल्टर होता. लोक भोपाळला तलाव बघायला जातात. मी फिल्टर आणायला निघाले होते आणि त्यात मला काहीच वावगं वाटत नव्हतं.

आमचा ट्रॅक्टर छोटा, संत्र्याच्या ओळींतून फिरणारा. दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांच्या पाठीचा मणका दुखावला आणि डॉक्टरांनी त्यांना ट्रॅक्टरचे धक्के कायमचे बंद केले. तेव्हा वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी चालवायला शिकले. पहिल्या आठवड्यात कुंपणाचे दोन खांब पाडले, पण शिकले. आता दोन महिन्यांपासून तो काळा धूर ओकत होता आणि जरा चढ आला की मान टाकत होता. ह्यांनी निकाल देऊन टाकला, की इंजिन बसलं, ट्रॅक्टर विकून टाकू. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. ट्रॅक्टर गेला की फवारणीसाठी मी पुन्हा गावातल्या चार जणांच्या दारात उभी राहणार, हे तर होतंच. पण खरं सांगू? त्या सीटवर बसल्यावर मला जे वाटतं, ते सोडायची माझी तयारी नव्हती.

मिस्त्री म्हणाला होता, आधी फिल्टर बदलून बघा. नागपूरच्या दुकानात गेले तर कळलं, की हे मॉडेल बंद पडलंय. नुसता आतला फिल्टर मिळत नाही, डब्यासकट सगळं घ्यावं लागेल, तेही तीन आठवड्यांनी. किंमत ऐकून मी पायऱ्या उतरले. मग भोपाळहून शोभाताईचा फोन आला. शोभाताई माझी मावसबहीण. तिचे यजमान, आमचे भाऊजी, तिथल्या मोठ्या कारखान्यात तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, जुना फिल्टर घेऊन या, इथे एक माणूस आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी फिल्टर स्वच्छ धुतला. दुसऱ्याच्या घरी कळकट वस्तू घेऊन कसं जायचं? तशी दर पंधरा दिवसांनी मी तो धुवायचेच. घड्याघड्यांच्या कागदाचा पोकळ नळकांड्यासारखा असतो तो. बाहेरची हवा त्यातून गाळून इंजिनात जाते. पावडरच्या पाण्यात बुडवायचा, मऊ ब्रशने घड्या घासायच्या आणि दोरीवर साड्यांशेजारी टांगायचा. गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं, की हे ढोकळ्याचं भांडं का? मी म्हटलं, हुंगून बघा. त्यांनी खरोखर हुंगलं आणि कुठली पावडर वापरता म्हणून विचारलं.

पांढुर्णा गेलं, बैतूलनंतर सागाची जंगलं लागली. मार्चचे दिवस, पानं निम्मी गळालेली, मधूनच पेटल्यासारखा पळस. इटारसीला मी वडा घेतला आणि तोंड भाजून घेतलं. नर्मदेच्या पुलावर सगळा डबा खिडक्यांशी गोळा झाला. ज्यांच्याकडे सुटी नाणी नव्हती, त्यांनी हात जोडले. मी हात जोडून काय मागितलं, ते उघडच आहे. मग पुन्हा डोंगर, बोगदे, आणि दुपार कलता कलता भोपाळ.

भाऊजी स्कूटर घेऊन आले होते. इंद्रपुरीतल्या त्यांच्या घरी सगळं नीट जागच्या जागी. स्क्रू ड्रायव्हरसुद्धा उंचीप्रमाणे लावलेले. शोभाताईचं मराठी चाळीस वर्षांत मजेदार झालंय. “अगं, तू जरा आराम कर, मग आपण तसल्लीने बात करू,” असं म्हणते आणि आपण हिंदी बोललो हे तिच्या गावीही नसतं. तिच्या हातची पाटवडीची आमटी मात्र शुद्ध नागपुरी. दोन वाट्या जास्तच खाल्ली.

शुक्रवारी सकाळी नाक्यावर पोहे-जलेबी झाली. पोह्यांवर शेव आणि बडीशेप, शेजारी गरम जलेबी. असली जोडी कोणी जमवली त्याचं भलं होवो. मग आधी टी. टी. नगरला गेलो, कारण तिथे भाऊजींच्या ओळखीचं दुकान होतं. त्या माणसाने फिल्टर हातात न घेताच दुसरा एक काढून दिला आणि चालेल म्हणाला. भाऊजींनी खिशातून टेप काढली. बोटभर आखूड निघाला. “आखूड फिल्टर म्हणजे धुळीला उघडं दार,” भाऊजी मला म्हणाले आणि आम्ही बाहेर पडलो.

अशोका गार्डनच्या गल्लीत स्कूटर शिरली तेव्हा उन्हं चढली होती. एका बाजूला रेल्वेलाइन, दुसऱ्या बाजूला खेटून दुकानं: शिलाईयंत्रं, वजनकाटे, कुलरच्या जाळ्या. रईसभाईंचं दुकान आमच्या न्हाणीघराएवढं. रईसभाई म्हणजे साठीचे, मेंदी लावलेली दाढी, चष्मा दोरीला बांधलेला. “को खां, बड़े दिन में आए,” ते भाऊजींना म्हणाले. (‘को खां’ म्हणजे ‘काय हो राव’. भोपाळात ही हाक कोणालाही मारतात.) माझ्यासाठी त्यांनी स्टूल पुसलं आणि चहा मागवला. चहात मीठ होतं! आधी मला वाटलं चूक झाली, मग कळलं की इथे नमकवाली चाय अशीच पितात. दुसऱ्या घोटाला आवडली.

दुकानात मागच्या भिंतीवर फळ्यांवर लाकडी ठोकळे मांडलेले होते, शंभर तरी असतील. गोल, गुळगुळीत, प्रत्येकाची जाडी वेगळी, प्रत्येकावर खडूने काहीतरी लिहिलेलं. रईसभाई कंपनीचं नाव विचारत नाहीत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नाव डब्यावर असतं, फिल्टरला फक्त माप असतं. एकाच मापाचा फिल्टर ट्रॅक्टरला एका भावाने मिळतो आणि मोबाइल टॉवरच्या जनरेटरला निम्म्याहून कमी भावाने, कारण जनरेटरचे हजारोंनी खपतात. गेली तीस वर्षं, जो फिल्टर हातात आला त्याच्या पोटात नेमका बसेल असा ठोकळा त्यांनी स्वतः तासून ठेवलाय. मी नुसती बघत राहिले. एवढं ज्ञान आणि त्याला ना पाटी, ना पुस्तक.

पण ठोकळ्यांकडे वळण्याआधी त्यांनी माझा फिल्टर उचलला आणि त्याचा वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग एका वायरला लावलेला बल्ब पेटवून त्यांनी तो फिल्टरच्या पोटात सोडला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं. शेजारी एक नवा फिल्टर ठेवून त्यातही तसाच बल्ब लावला. नवा सगळ्या अंगाने उजळला. माझा ठार काळोख.

“बहनजी, इसको धोया किसने?”

मी म्हटलं, मी. अभिमानाने म्हटलं, खोटं कशाला सांगू.

त्यांनी आवाज चढवला नाही. शांतपणे समजावलं, की कागदाचा फिल्टर पाण्यात घालायचा नसतो. हलकेच आपटून झाडायचा, नाही निघाली धूळ तर बदलायचा. दर धुण्याला कागद थोडा थोडा फुगत गेला, पावडर भोकांत साठत गेली, शेवटी हवा जाईना. इंजिनाला हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. म्हणजे दोन महिने जो धूर जावा म्हणून मी देवाला हात जोडत होते, तो मीच केला होता. कान असे तापले की वाटलं, त्या अर्ध्या शटरखालून निघून जावं.

भाऊजींनी विचारलं, मग इंजिन गेलं का? रईसभाईंनी बल्ब गोल फिरवला. उजेडाचा एकही ठिपका नव्हता. कागद फुगला होता, पण फाटला नव्हता. “फटा होता तो धूल अंदर जाती, इंजन खा जाती,” ते म्हणाले. पण इंजिनाचं पाहिल्याशिवाय मी फिल्टर विकणार नाही, असंही म्हणाले. आधी घरी फोन लावा. फिल्टरच्या पुढच्या रबरी पाइपात बोट फिरवून बघा. बोटाला माती आली तर इंजिनाने धूळ खाल्ली, मग नव्या फिल्टरवर पैसे घालू नका. कोरडं आलं तर फिल्टरशिवायच अंगणात एक मिनिट चालू करा, आणि धूर बघा.

आता फोन कोणाला करायचा, तर ज्यांना ट्रॅक्टर विकायचाय त्यांनाच. व्हिडिओ कॉल लावला. हे म्हणाले, कशाला उगाच. मी म्हटलं, माझ्यासाठी करा. ते गोठ्यापाशी गेले, धूळ उडू नये म्हणून अंगणात पाणी शिंपडून घेतलं, पाइप सोडवला. फोनच्या काचेत आधी आभाळ दिसलं, मग ह्यांचे पाय, मग बोट. रईसभाईंनी चष्मा वर केला.

बोट कोरडं होतं. स्वच्छ. त्यांनी दुसरं बोट घातलं, तेही स्वच्छ. मग उभ्याउभ्याच हात घालून चावी फिरवली. पहिल्यांदा काळा भपका निघाला. मग धूर पातळ होत गेला, करडा, आणि मिनिटभरात धुराच्या नळीतून नुसती हवा थरथरताना दिसली. इंजिनाचा आवाज मी ओळखला. दोन महिन्यांत ऐकला नव्हता तसा आवाज. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

“इंजन तो जवान है,” एवढंच म्हणून रईसभाई ठोकळ्यांकडे वळले. चौथा ठोकळा माझ्या फिल्टरच्या पोटात अचूक बसला. एका जनरेटरचा फिल्टर निघाला, उंचीही तीच. त्याच्या तोंडाशी असलेला रबर त्यांनी तीनदा दाबून पाहिला. मला दोन हवे होते, त्यांनी एकच दिला. म्हणाले, हा वर्षभर चालेल, पडून राहिला तर रबर कडक होतो, पुढच्या वेळी फोन करा, मी पाठवतो. नागपुरात सांगितलेल्या किमतीच्या पावपटही लागले नाहीत. संत्री मी त्यांना देऊन टाकली. शोभाताई नंतर माझ्यावर रुसली.

शनिवारी परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर फार बघितलंच नाही. विचार चालला होता. जो माणूस फिल्टर विकून पोट भरतो, त्याने आधी मला सांगितलं की कदाचित तुम्हाला फिल्टर घ्यायचाच नाही. असं वागायला केवढी हिंमत लागते! आणि माझी चूक दाखवताना त्याने मला लहान केलं नाही. भोपाळचा तलाव मी पाहिला नाही, स्कूटरवरून लांबून एक चमक तेवढी दिसली. त्याची मला अजिबात हळहळ नाही.

घरी पोचले तर हे ओसरीवर बसले होते. मी पिशवी ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं, की धूर माझ्यामुळे होता, मीच धुवत होते. त्यांनी पिशवीतला नवा फिल्टर काढून हातात फिरवून पाहिला. मग म्हणाले, “धुवायला मीच सांगितलं होतं. माझ्या जुन्या ट्रॅक्टरची जाळी मी डिझेलने धुवायचो. तेच तुला शिकवलं.”

हे मला आठवतही नव्हतं.

रविवारी सकाळी मी फिल्टर बसवला आणि बागेच्या चढावर चक्कर मारून आले. परत येऊन इंजिन बंद केलं तर हे फोनवर होते. गिऱ्हाईक वाटेत होतं, रस्ता विचारत होतं. “थांबा,” हे त्याला म्हणाले, “ट्रॅक्टर जिचा आहे तिलाच विचारा.” आणि फोन त्यांनी माझ्यापुढे धरला.

माझे हात ग्रीसने माखले होते, म्हणून तो त्यांनीच माझ्या कानाला लावला. मी सांगितलं, विकायचा नाही.