डावीकडून तिसरी खिडकी

अरे डिंक्या,

या पत्राला उत्तर येणार नाही हे ठाऊक असून लिहितेय, तेव्हा मायना वगैरे राहू दे. परवा तुझी मुलगी ती वही घेऊन आली. दोन्ही हातांनी छातीशी धरून आणावी लागते आता. टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आत्या, यंदा बाबांचं पान लिहायचंय. तुम्हीच लिहा. बाबा म्हणायचे, ताईने सांगितलेलं खोडायची घरात कुणाची टाप नाही."

तू ते कौतुकाने म्हणत असणार. मी उठून चहाचं आधण ठेवलं, म्हणजे तिच्याकडे पाठ करता आली.

तर तुझं पान. मी इतिहासाची मास्तरीण, तेव्हा क्रमाने सांगते. तू माझ्या काकांचा मुलगा, माझ्यापेक्षा साडेसहा वर्षांनी लहान. तू अडीच वर्षांचा असताना तुझी आई गेली. वर्षभरात काकांनी दुसरं लग्न केलं. नवी काकू चांगली निघाली, तुला तिने पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि म्हणूनच पहिलीबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. उगाच हिला वाईट वाटायला नको. आईचा एकही फोटो नव्हता. शाळेत तुझं लक्ष लागेना, तेव्हा चौदाव्या वर्षी काकांनी तुला बाइंडरच्या हाताखाली दिलं. तिथे मात्र तू रमलास. नखांत कायम खळ, बोटं चिकट, आणि कुणाच्याही घरी गेलास की निघायचं नाव नाही. 'डिंक्या' हे नाव दोन्ही कारणांनी पडलं.

दरवर्षी एकदा सगळ्या कुटुंबाने जमायचं, ही कल्पना तुझी. हॉल माझ्या शाळेचा, कारण तो मला मिळायचा. जेवणं झाली की खुर्च्या गोल मांडायच्या, तू आधी गेल्या वर्षीचं वाचून दाखवायचास, आणि मग ज्याला जे आठवेल ते त्याने सांगायचं. कोण कुठून आलं, कुणी कुणाशी अबोला धरला, कुणाची शिलाई मशीन कुणी पळवली. तू पुढ्यात लाकडी पाटीवर कागद लावून लिहून घ्यायचास. घरी नेऊन वही उसवायचास, नवी पानं घालायचास आणि पुन्हा शिवून काढायचास. मी एकदा म्हटलं, "दुसरा खंड काढ की. हे काय दरवर्षी उसवाउसवी?" तर म्हणालास, "कुटुंब एक, तर वही एक. जाड झाली तर मी आहे ना शिवायला." एक्केचाळीस वेळा शिवलीस. तिचा कणा तू इतका मऊ ठेवलायस की ती कुठेही उघडली तरी सपाट पडते.

सगळ्यांच्या आठवणी लिहिल्यास, आणि स्वतःसाठी फक्त एका आठवणीची वाट बघत राहिलास. आम्हाला ते कळत होतं, तरी गप्प होतो. नवी काकू तुझ्या समोरच बसायची. ती गेल्यावर पुढच्या जमण्यात तू पाटी खाली ठेवलीस आणि खाली बघत म्हणालास, "माझ्या आईबद्दल कुणाला काही आठवतं का? काहीही चालेल."

कोपऱ्यातून मोठे काका बोलले. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते नेहमी ओरडल्यासारखे बोलत. "तुझी आई शिट्टी वाजवायची. पाखरासारखी वगैरे नाही हं, हमालासारखी. रस्ता वळून बघायचा." सगळा हॉल हसला. तू सर्वांत जास्त हसलास. तुझ्या पन्नास वर्षांच्या चेहऱ्यावर तसलं हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं, खरं सांगते.

वर्ष गेलं. त्या वर्षात मोठे काका गेले. पुढच्या जमण्यात तू वाचायला लागलास आणि शिट्टीपाशी आलास. मी मध्ये बोलले. तुम्हा सगळ्यांना माझी सवयच होती म्हणा. कुणी साल चुकलं की मी बोलायची, कुणी दोन आत्यांची सरमिसळ केली की मी बोलायची, आणि सगळे माना डोलवायचे, कारण घरातली पहिली पदवीधर मी. मी म्हटलं, "मोठ्या काकांचा गोंधळ झाला होता. शिट्टी मारायची ती आपल्या खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली. काकू अगदी अबोल. मी तिला रोज दुपारी बटणांच्या कारखान्यात डबा नेऊन द्यायचे, मला विचारा. पहिल्या मजल्यावर, डावीकडून तिसऱ्या खिडकीशी बसून बटणं निवडायची. मान वर करायची नाही."

कुणीतरी म्हणालं, असू द्या हो ताई, एवढं काय. मी म्हटलं, असू दे कसं? लिहून ठेवायचं तर खरं लिहा.

तू खिशातून पट्टी काढलीस आणि त्या ओळीवर रेघ मारलीस. पान फाडलं नाहीस. पूर्वी एकदा तूच मला समजावलं होतंस, की शिवलेल्या वहीत एक पान फाडलं की शिवणीच्या पलीकडचं त्याचं जोडपानही सुटतं. म्हणालास, "ताई म्हणतेय म्हणजे तसंच असणार." आणि पुढचं वाचायला लागलास. आवाजात फरक नव्हता. मी लक्ष देऊन ऐकत होते, म्हणून सांगते.

चार दिवसांनी मी कोटाचं बटण लावत होते. डब्यातली बटणं तळहातावर ओतली, त्यांचा तो गार, हाडासारखा वास आला, आणि मी सुई हातात धरून तशीच बसले. कारखान्याचं मोठं दार दुपारी बंद असायचं. मी आठ-नऊ वर्षांची, डबा घेऊन खाली रस्त्यावर उभी राहायची. वरून कुणीतरी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचं, एक लांब आणि एक आखूड. ती ऐकली की बाजूच्या गल्लीतल्या छोट्या दाराशी जायचं. वर बघितलं की तिसऱ्या खिडकीत काकू. हसत असायची. डबा घेताना एकदा तिने मला शिकवायचाही प्रयत्न केला होता. माझ्या तोंडून नुसतीच हवा गेली.

ती शिट्टी माझ्यासाठीच होती रे. ती मी पुसून टाकली, आणि वर तुला म्हटलं की खरं लिही.

मला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. फोन तर घरातच होता. पण तीस माणसांसमोर ठासून सांगितलेलं मागे कसं घ्यायचं? मी ठरवलं, असं नको, नीट सांगू, त्या खिडकीखाली उभं राहून सांगू. म्हणजे माझी चूक बाजूला राहील आणि तुला तुझी आई मिळेल. बघ कशी हुशारी. चुकीलासुद्धा मी चांगलीशी जागा शोधत होते.

आणि तू तर स्वतःच विचारायचास. दरवर्षी खुर्च्या आवरताना हळूच, "ताई, एकदा चल की कारखान्यापर्यंत. खिडकी दाखव, बाकी काही नको." कारखाना बंद झाला होता पण इमारत होती, सहा नंबरची बस थेट दारात जायची. मी हो म्हणायचे. मग परीक्षांचे पेपर, मग निवृत्तीची कागदपत्रं, मग मोतीबिंदू, मग गुडघा. अकरा वर्षं. तू कधी टोचलं नाहीस. एकदाच काय ते म्हणालास, "कारखाना काय पळून जात नाही, आपणच आता जरा हळू चालतोय."

तुझी मुलगी चहा पीत असताना मी वही उघडली. ते पान शोधावं लागलं नाही, वही तिथेच उघडली. सगळी वही शाईत आहे, डिंक्या. जिथे म्हणून मी खोडायला लावलं, तिथे शाईचीच रेघ आहे, जाड. फक्त या एका ओळीवरची पेन्सिलची. इतकी फिकी, की खालची 'हमालासारखी' ही अक्षरं सहज वाचता येतात. तुझा माझ्यावर विश्वास होता की नव्हता, हे आता मी कुणाला विचारू? मुलीला विचारलं, तर तिला काहीच माहीत नव्हतं. तिला मी सगळं सांगितलं, बटणांपासून. तिने कप खाली ठेवला. मग एवढंच म्हणाली, "हे बाबांना सांगायला हवं होतं, आत्या." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

खोडरबर माझ्या खणात आहे. रेघ अजून पुसलेली नाही. ती पुसणं माझं काम नव्हे, मी सांगायचं आणि तू पुसायचं असं ते होतं.

एकदा मात्र आपलं पक्कं ठरलं होतं. गेल्या वर्षी, मंगळवारी, दहा वाजता, माझ्या घराजवळच्या बसथांब्यावर. आदल्या रात्री मी मनात वाक्यंही जुळवून ठेवली होती. सकाळी धीर सुटला. तुझ्या मोबाइलवर फोन करून सांगितलं की नळ गळतोय, प्लंबर येणार आहे, आज जमत नाही. तू म्हणालास, "असू दे ताई, पुढच्या मंगळवारी जाऊ." त्या मंगळवारी तू इस्पितळात होतास.

परवा मुलीने निघताना सांगितलं, की माझा फोन आला तेव्हा तू थांब्यावर येऊन उभा होतास. तुझ्या बाइंडिंगच्या दुकानातलं घडीचं स्टूल बरोबर आणलं होतंस, कारण खिडकीखाली ताईला फार वेळ उभं राहवणार नाही.

प्लंबरला मी बोलावलंच नव्हतं.