घाटातल्या दोन हाका

वत्सलाबाई त्रेपन्नाव्या वर्षी पळायला लागल्या, तेव्हा सगळ्या आळीनं तोंडाला पदर लावून हसून घेतलं. वीस हंगाम ऊस तोडलेली बाई. मुलगा नोकरीला लागला आणि त्यानं आईच्या हातातून कोयता काढून घेतला. बसून बसून अंग आंबलं. त्यात थोरल्या भावाला, शहादेवला, साखर निघाली. डॉक्टरनं चालायला सांगितलं. शहादेव एक सांगितलं की दोन करणारा. तो पळायलाच लागला आणि सोबतीला बहिणीला ओढलं.

"लोक काय म्हणतेल, दादा?"

"लोकान्ला दुसरं सुचतंय काय? चल, वच्छे."

साडी गुडघ्यापर्यंत खोचून आणि मुलाचे जुने बूट घालून बाई निघत. उजाडायच्या आत धारूरच्या घाटानं तीन किलोमीटर खाली, तीन वर. चढताना बहीण पुढं, भाऊ मागं. पळताना अवाक्षर बोलायचं नाही, दम मोडतो, असा शहादेवचा दंडक होता आणि तो त्यानं चार महिन्यांत एकदाही मोडला नव्हता.

बाईंचा स्वतःचाही एक नेम होता, उसाच्या फडात शिकलेला. तोडणीला पहाटेच्या अंधारात उतरावं लागे. टोळीतल्या म्हाताऱ्या बायनाबाईनं पहिल्याच हंगामात कान धरून सांगितलं होतं, "उसातून नावानं हाक आली तर ओ देऊ नको, मागं बी बघू नको. त्याला दोनच हाका मारता येतेत. तिसरी आली तर समज, आपलं माणूस हाय." फडात हाका आल्याही होत्या. एकदा तर वारलेल्या नवऱ्याच्या आवाजात. आपण ओ दिली नाही म्हणून आज जित्या आहोत, अशी बाईंची पक्की खात्री होती.

पौषातल्या त्या पहाटे धुकं इतकं होतं की पायातले बूट दिसेनात. चढावर मागून शहादेवची पावलं येत होती, एक पाय जरा घासत टाकायची त्याची सवय. एका वळणावर ती पावलं थांबली. बुटाची नाडी बांधत असेल, म्हणून बाई पुढं गेल्या.

"वच्छे!"

आवाज दादाचा. पण पळताना दादा बोलत नाही! बाईंनी मागं वळून पाहिलं नाही. ओ तर दिली नाहीच, उलट जीव खाऊन पळत सुटल्या. एक वळण गेलं, दुसरं गेलं. आता हाक आली तर लांबून यायला हवी.

"वच्छे!"

ती कानाशीच आली. तोच आवाज, आणि त्याला धाप नव्हती.

बाई जागीच थिजल्या. तिसरीची वाट बघितली. पाखरूसुद्धा बोलेना. तिसरी आली नाही, म्हणजे ते आपलं माणूस नव्हे. पण मग दादाची पावलंही का येत नाहीत? "भूत असंल तर असू दे," बाई मोठ्यानं म्हणाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा हाकेच्या दिशेनं वळल्या.

शहादेव दोन वळणं खाली कठड्याशी पडला होता. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. दुधाच्या टेम्पोतून दवाखाना गाठला. अजून उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला, वाचा गेली.

तिसऱ्या दिवशी त्याला नीट भान आलं. बाई उशाशी बसल्या.

"दादा, तू दोनदा हाका मारल्या. मला वाटलं, दुसरंच काही हाय. मी ओ दिली न्हाई."

 शहादेवनं डावा हात उचलून एक बोट दाखवलं.

"एकदाच?"

त्यानं होकाराची मान हलवली. मग तोच हात ओठांवर ठेवला आणि खाली टाकला. पहिल्या हाकेसरशीच जीभ गेली होती.

म्हणजे बाई जिला भिऊन पळाल्या, ती हाक सख्ख्या भावाची होती. जिनं त्यांना थांबवलं, ती कुणाची? त्याचं भय वाटायचंही बाईंना सुचलं नाही. भावाचा लुळा हात छातीशी धरून त्या हुंदके देऊ लागल्या.

"तुला टाकून पळाले रे दादा. लई जोरात पळाले."