लेकीच्या बर्लिनमधल्या आवडत्या जागा

मैत्रिणींनो, आज माझं मन थाऱ्यावर नाही.

लेक बर्लिनला शिकायलीय. दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. "आई, चल, माझ्या आवडत्या जागा दाखवते."

नदीकाठचा बाक, तुर्की बेकरीतलं कोपऱ्यातलं टेबल, चर्चमागच्या पायऱ्या. सगळीकडं ती एकटीच! मी लगेच विचारलं,

"सोबत कुणीच नसतं का गं?"

"मैत्रिणी लय हायेत, पण इथं मी एकटीच येते. म्हणून तर आवडतात या जागा. तुझी परभणीतली कोणती?"

मी शाळा सांगितली. "ती तर नोकरी झाली." पोखर्णीचं देऊळ सांगितलं. "तिथं तू आजीला घेऊन जातीस." मग बाजार आठवला, माहेर आठवलं; तिथंही सोबत कुणीतरी असतंच.

कॉल संपला, पण घरात बसवेना. चप्पल घातली. हे म्हणाले, "कुठं निघालीस?"

"असंच."

"असंच कुठं जातेत का?"

तरी निघाले. एसटी स्टँडवर आले. जिंतूरची बस गेली, पाथरीची गेली. कशात बसावं तेच कळंना. अजून स्टँडवरच उभी राहून हे लिहायलेय.

खरं सांगा, तुमी एकट्या कुठं जाऊन बसता?