या, बसा

सुके बोंबील भाजल्याचा वास आला की खांदेश्वरची ती भाड्याची खोली आठवते. रविवारची दुपार होती. मी पहिल्यांदाच एक छोटा सर्व्हर, म्हणजे दुसऱ्या यंत्रांना उत्तर देणारा प्रोग्रॅम, लिहिला होता. कोणी कनेक्ट झालं की त्याने ‘या, बसा’ एवढंच म्हणायचं. पण येणार कोण? दोनदा मीच माझ्या लॅपटॉपवरून येऊन गेलो. शेवटी बोंबील द्यायला आलेल्या घरमालकीणबाईंच्या मोबाईलवर सर्व्हरचा पत्ता टाकून दिला. काहीच उघडेना. मी सर्व्हरला फक्त माझ्याच लॅपटॉपचं ऐकायला सांगून ठेवलं होतं. ते बदललं आणि अक्षरं उमटली. बाई हसल्या, “आली रं मी, पन बसू कुठं?” खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर मी. आता माझ्या सर्व्हरवर दिवसभर माणसं येतात. घरी मोठा सोफा आहे. तरी मी त्याच्या कडेलाच बसतो, कोणी आलं तर जागा असावी म्हणून.