शालिनीताईंचा पॉज

“शालिनीताईंना बदला,” ओटीटीच्या मॅडमनी फोनवर स्पष्टच सांगितलं. “आमदार वाटतच नाहीत. अजून सिरियलच करतायत.”

खोटं नव्हतं ते. आमची राजकारणावरची मालिका चॅनेलनं बंद केली आणि ओटीटीनं उचलली. मी तिचा दिग्दर्शक, शालिनीताई तिच्यातल्या आमदारबाई. रोज एक एपिसोड पाडत आलो होतो, तोही एकाच दिवाणखान्यात. आता ठरवलं, खऱ्या जागी जायचं. मुक्काम जव्हारला, शूटिंग मोखाड्यात, सूर्यमाळच्या एका पाड्यावर. भर उन्हाळा होता आणि सीनही पाणीटंचाईचाच.

अडचण होती ताईंच्या पॉजची. सिरियलमध्ये वाक्य संपलं की नट थांबतो. तेवढ्यात सासू, नवरा, विरोधक, सगळ्यांचे दचकलेले चेहरे दाखवायचे आणि वर ढँढँ म्युझिक. आम्ही त्याला रिअॅक्शन म्हणतो. ताईंच्या अंगात ते इतकं मुरलं होतं, की चहा मागूनही त्या भुवई उंचावून थांबायच्या. सेटवर चहापाणी बघणारा बिचारा स्पॉटदादा घाबरायचा, आपलं काय चुकलं म्हणून.

मॅडमना विनवलं, उद्याचा सीन बघा, मग ठरवा. त्या कशाबशा तयार झाल्या. ताईंच्या कानावर हे आधीच गेलेलं.

“काढायचं तर काढ,” त्या मला म्हणाल्या. “पण थांबायला मला शिकवलं कुणी?”

शिकवलं होतं मीच. माझा जीव तुटत होता. एवढी मायाळू, एवढी मेहनती बाई मला गमवायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन समोर बसल्या. त्यांना एवढंच सांगितलं होतं, की आमदारबाईंचं बोलणं ऐकायचं. ताई उभ्या राहिल्या.

“या पाड्यावर पाणी आणीन, तेव्हाच मत मागायला येईन.”

आणि थांबल्या. भुवई वर. मी डोक्याला हात लावला. संपलं सगळं.

पण पाड्यावरच्या बैठकीत बोलणारा थांबला, की समोरच्यानं उत्तर द्यायचं असतं. गप्प बसणं बरं दिसत नाही. पुढं बसलेल्या काळूबायनं रीत पाळली.

“मागं आला तो पन असाच बोलला व्हता, बाय. मंग, पानी कदी?”

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. ताईंची भुवई खाली आली. चेहऱ्यावर खरीखुरी लाज पसरली. मी कट म्हटलं नाही.

“मला माहीत नाही, आजी,” त्या हळूच म्हणाल्या.

काळूबायनं हंडा सरकवून जागा केली. “मंग बस खाली. हुबी का?”

आमदारबाई मातीत बसल्या.

मॅडमनी तो सीन पाहिला आणि ताईंना बदलायचा विषय पुन्हा काढला नाही. उलट म्हणाल्या, म्युझिक अजिबात घालू नका. ओटीटीवर गेल्यापासून मालिका सुधारली, असं आता लोक म्हणतात. कुणी कॅमेऱ्याला श्रेय देतं, कुणी बजेटला. देऊ देत.

त्या दिवशी पॅकअपला युनिटचा पाण्याचा टँकर अर्धा भरलेला होता. तो पाड्याच्या विहिरीत रिकामा करा, असं ताईंनी फर्मावलं. प्रॉडक्शन मॅनेजर कुरकुरला, की मुक्कामाला पाणी लागेल. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, भुवई उंचावली आणि थांबल्या.

त्यानं मुकाट्यानं टँकरचा पाइप विहिरीत सोडला.

तेव्हापासून मी नवीन नटांना सांगतो, पॉज खुशाल घ्या. फक्त समोर कुणीतरी उत्तर द्यायला असावं.