म्हातारीची मागची सीट

लिफ्टच्या दुरुस्तीवर पोट असल्याने सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी उभ्या आयुष्यात कधी मोडला नाही. दुरुस्ती झाली की आपण स्वतः लिफ्टमध्ये उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि तळापासून वरच्या मजल्यापर्यंत जाऊन परत यायचं. इमारतीचा व्यवस्थापक घाईत असायचा. "अहो, चालतेय की आता, कशाला वेळ घालवता?" असं म्हणायचा. त्यावर लिफ्टवाले म्हणायचे, "लिफ्ट बाहेरून कळत नाही साहेब, तळपायाला कळते." धक्का निघताना बसतो की थांबताना, दोर सैल आहे की ब्रेक कडक, हे त्यांना पाय सांगत. गिऱ्हाईक 'ठीक आहे' म्हणालं तर त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. लोक भिडेखातर ठीक म्हणतात, असं त्यांचं मत होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. हा नियम घरी लावायचं तेवढं राहून गेलं.

घराबाहेर त्यांची गाडी उभी असायची. जुनी, उंच, चौकोनी एसयूव्ही. मीटरने तीन लाख किलोमीटर केव्हाच ओलांडले होते आणि रंग कोणता, हे ज्याच्या त्याच्या नजरेवर होतं. लिफ्टवाले तिला 'म्हातारी' म्हणत आणि त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणे, ती तिला 'माझी सवत' म्हणे. सुट्टीच्या दिवशीही नवरा हिच्याच पोटाखाली पडलेला असतो, हे काकूंचं जुनं गाऱ्हाणं. पण गाडीला नावं ठेवलेली लिफ्टवाल्यांना खपत नसत. म्हातारी खडखडते असं कुणी म्हणालं, की ते बोनेट उघडून त्याला इंजिन समजावायला घेत, आणि तो बिचारा जेवायची वेळ टळेपर्यंत सुटत नसे. त्यामुळे शहाणी माणसं तो विषय काढतच नसत. काकू शहाण्या होत्या.

रोज सकाळी डिकीत मोटारी, लोखंडी दोरांची वेटोळी आणि वजनाचे ठोकळे भरून म्हातारी शहरभर हिंडायची. त्या ओझ्याने ती मागून बसायची, म्हणून काही वर्षांपूर्वी लिफ्टवाल्यांनी तिच्या मागच्या चाकांवर जाड पाटे वाढवून घेतले होते. पाटा म्हणजे लोखंडाची ती वाकडी पट्टी, जिच्यावर गाडीचं मागचं ओझं झुलतं. तेव्हापासून म्हातारी कितीही वजनाखाली वाकेनाशी झाली. आपण केलेल्या कामांपैकी हे सगळ्यात पक्कं काम, असं ते येईल-जाईल त्याला सांगत.

मग काकूंची पाठ दुखायला लागली. पाठच ती, दुखणारच, असं म्हणता म्हणता दुखणं हाडांपर्यंत पोचलेलं निघालं. त्या आजाराचं नाव घरात कुणी घेत नसे. 'ते' म्हणत. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि दर आठवड्याला जायचं. काकूंना फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून मागच्या सीटवर उशी टाकून त्या आडव्या व्हायच्या. "सवतीच्या मांडीवर निजायची वेळ आली," असं पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. लिफ्टवाल्यांनी मोठी कामं सोडून दिली आणि जवळपासची किरकोळ तेवढी ठेवली. म्हातारीची डिकी रिकामी झाली.

एकदा भर उन्हात, उड्डाणपुलाच्या मधोमध, क्लचची वायर तुटली. काकू मागे तापत पडल्या होत्या आणि लिफ्टवाले येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करत होते. त्या दिवसाची त्यांना इतकी शरम वाटली, की घरी आल्यावर त्यांनी म्हातारीला नवी करायचा विडाच उचलला. नवीन गाडी घ्यायची ऐपत नव्हती. जे काही करायचं ते पोटाला चिमटा काढून, महिन्याला एकच काम. त्यांची यादी कागदावर नव्हती, डाव्या हाताच्या बोटांवर होती. क्लच अंगठा. टायर करंगळी. एसी तिच्या शेजारचं बोट. मधलं बोट पुढच्या चाकांचे धक्के झेलणारे शॉकअप आणि तर्जनी हेडलाइट. चहा पिताना, गाडी धुताना, झोप येत नसली की आढ्याकडे बघताना ते बोटं मोडत बसायचे. मागच्या चाकांना बोट उरलं नव्हतं, आणि त्यांच्या मते लागणारही नव्हतं.

क्लच झाला, टायर झाले. "फरक पडला ना?" त्यांनी आरशात बघत विचारलं. आरशात उशीचा कोपरा तेवढा दिसत होता.

"पडला की," मागून आवाज आला.

एसी झाला. "गार लागतंय?"

"छान लागतंय."

लिफ्टवाले खूश व्हायचे. घरी आल्यावर मात्र काकू भिंतीकडे तोंड करून पडायच्या आणि दोन-दोन दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत. हाडांचं दुखणं असंच असतं, म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली होती.

त्यांची मुलगी शाळेत शिकवायची आणि दवाखान्याच्या दिवशी रजा टाकून यायची. ती एकदा म्हणाली, "बाबा, मी चालवते ना गाडी. तुम्ही मागे आईजवळ बसा."

"तिचा क्लच तुला झेपायचा नाही," लिफ्टवाले म्हणाले. "आणि मी मागे बसून करू काय?"

मुलीने पुन्हा विचारलं नाही. बापाचं आणि म्हातारीचं नातं तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

एका संध्याकाळी काकू म्हणाल्या, "मला आता दवाखान्यात नाही यायचं."

"अगं, औषध लागू पडतंय म्हणाले डॉक्टर!"

"पडत असेल."

"मग?"

"मग काही नाही. नको झालंय."

बाईने जगण्यातून मन काढून घेतलं, असंच लिफ्टवाल्यांना वाटलं. त्यांनी समजावलं, रागावले, मुलीकरवी सांगून पाहिलं. काकू हलल्या नाहीत. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. औषध चुकलं की 'ते' पुढे सरकणार, हे घरातल्या भांड्यांनाही कळत होतं. तेव्हा लिफ्टवाल्यांनी आपल्याला जे येतं ते केलं. मधलं बोट मुडपलं आणि गाडी शॉकअप बदलायला टाकली. "अशी मऊ करून आणतो, बघच तू," असं बायकोला सांगून गेले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

गॅरेजचा मिस्त्री त्यांच्याच वयाचा आणि मोजकं बोलणारा होता. काम झाल्यावर चक्कर मारायची वेळ आली. लिफ्टवाल्यांचं मनगट त्या आठवड्यात एका लिफ्टच्या दारात सापडून सुजलं होतं, म्हणून मिस्त्रीच चालवायला बसला. पुढच्या सीटवर काढलेले जुने शॉकअप गोणपाटात पडले होते, तेलाने माखलेले.

"मागे बसा दोन मिनिटं," मिस्त्री म्हणाला.

लिफ्टवाले मागे बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मागून गाडी अनोळखीच वाटली. छताचं कापड एका ठिकाणी लोंबत होतं, ते पुढून कधी दिसलं नव्हतं. दाराला आतून हात टेकायला जी गादी असते, तिचं रेक्झिन फाटून आतला स्पंज बाहेर आला होता. उंदीर शिरला की काय, असं त्यांच्या मनात आलं.

गॅरेजपुढे शाळेचा गतिरोधक होता. पुढची चाकं अलगद चढून उतरली. लिफ्टवाल्यांनी 'वा' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागची चाकं चढली आणि सीटने खालून असा दणका दिला, की जीभ दाताखाली सापडली.

"अहो, हळू घ्या की!"

"हळूच आहे," मिस्त्री म्हणाला. "तुमच्या लोखंडासाठी घातलेले पाटे हे. आता वजन कुठंय मागे? रिकाम्या गाडीत लाथाच मारणार."

लिफ्टवाल्यांनी जीभ दातांवरून फिरवली. तोंडात रक्ताची चव आली होती. ते म्हणाले, "मागे वळवा. परत त्याच रस्त्याने घ्या."

आणि ते सीटवर आडवे झाले. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, काकू निजायच्या तसेच. डोळे मिटले. या वेळी पायाला काही कळायचा प्रश्न नव्हता, जे काय कळायचं ते मणक्यालाच कळणार होतं. बारीकसा खड्डा आला तरी कंबरेत कुणीतरी हातोडी घातल्यासारखं होत होतं, आणि त्यांचा मणका तर धडधाकट होता. गतिरोधक जवळ आला हे न बघताच समजलं. धरायला काहीतरी हवं म्हणून हात आपोआप दाराकडे गेला आणि बोटं नेमकी त्या फाटक्या रेक्झिनमध्ये जाऊन बसली. तिथे उंदीर नव्हता. त्यांची बायको दर आठवड्याला तिथे नखं रोवून पडत होती, आणि हे पुढून विचारत होते, गार लागतंय का.

घरी आले तेव्हा काकू जाग्या होत्या. "झाली गाडी?"

ते पलंगाच्या कडेला बसले. "मागे फार लागतं का गं?"

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आज हे कुठून आलं?"

"मी बसलो होतो मागे."

काकूंनी उशी सरकवून त्यांना नीट बसायला जागा केली.

"सांगायचं नाही का गं?" लिफ्टवाले म्हणाले.

"सांगितलं होतं की. अगदी सुरुवातीला. तुम्ही म्हणालात, मागचं काम मी स्वतः उभं राहून करून घेतलंय, तिथे खोट निघायची नाही. मग पाटे कसे बनवतात ते सांगत बसलात, दवाखाना येईपर्यंत." काकू किंचित हसल्या. "मग तुम्ही दर महिन्याला काहीतरी नवीन घालत गेलात. एवढ्या हौसेनं विचारायचात. तुमच्या तोंडावर काय सांगणार, की उपयोग नाही म्हणून?"

लिफ्टवाल्यांना ते बोलणं शब्दन्‌शब्द आठवलं. पाट्याचं लोखंड कसं तापवतात, हेही आपण सांगितल्याचं आठवलं. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आयुष्यभर परक्यांच्या 'ठीक आहे'वर संशय घेतला आणि घरच्या 'छान लागतंय'वर डोळे मिटून विश्वास ठेवला, कारण तो सोयीचा होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने जास्तीचे पाटे काढले. पैसे घेतले नाहीत. "काढायचे कसले पैसे?" म्हणाला. बोटांवरच्या सगळ्या कामांत घालायचं काही ना काही होतं, आणि जे काम बोटांवर नव्हतं त्यात नुसतं काढायचं होतं. लिफ्टवाले मागे आडवे होऊन त्याच रस्त्याने फिरले, एकदा, दोनदा, मिस्त्री कंटाळेपर्यंत. मग घरी येऊन बायकोला म्हणाले, "एकदाच चल. लागलं तर तिथूनच परत फिरू, मी शब्द काढणार नाही."

काकू निघाल्या. औषधासाठी नव्हे, नवऱ्याचं तोंड बघवेना म्हणून निघाल्या.

लिफ्टवाल्यांनी किल्ली मुलीपुढे धरली. ती बघतच राहिली. "क्लच?"

"झेपेल तुला," ते म्हणाले, आणि मागे बसून त्यांनी बायकोचं डोकं मांडीवर घेतलं.

गाडी खरोखरच मऊ झाली होती. पहिल्या गतिरोधकावरून ती हलकेच झुलून गेली. पण गतिरोधक यायच्या आधीच काकूंचं अंग ताठ झालं, श्वास अडकला आणि हात दाराच्या गादीवर आवळला. पुढच्याला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. "आता नाही लागायचं गं," ते दर वेळी सांगत होते. "हो," काकू म्हणत होत्या. पण अंगाला ते पटत नव्हतं. दवाखान्यापर्यंत ती बाई प्रत्येक गतिरोधकाला मार खायच्या तयारीनेच सामोरी गेली, आणि आधी पुढे बसून आपल्याला यातलं काहीच कसं दिसलं नाही, हे लिफ्टवाल्यांना आतून खात राहिलं.

डॉक्टरांनी हाडांचे नवे फोटो काढले आणि मग लिफ्टवाल्यांना बाहेर बोलावलं. "यापुढे त्यांना इतक्या लांब आणू नका," ते म्हणाले. "दुखणार नाही एवढं घरीच बघू."

"मधले आठवडे चुकले म्हणून का हो?"

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातले. "तसं नक्की सांगता येत नाही."

नाही म्हणाले असते तर लिफ्टवाल्यांनी विश्वास ठेवला नसता, हो म्हणाले असते तर निदान शिक्षा तरी झाली असती. मधलं उत्तर घेऊन ते गाडीपाशी आले. मुलीने बापाचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता गाडी सुरू केली.

परतताना काकू आधी तशाच ताठ होत्या. अर्ध्या वाटेवर कधीतरी त्यांचा हात दारावरून घसरला आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर येऊन पडला. तोंड थोडं उघडं राहिलं. डोकं मांडीवर जड झालं. लिफ्टवाल्यांनी वाकून नाकापाशी बोट धरलं. श्वास चालू होता, संथ आणि लांब. कैक महिन्यांत असा ऐकला नव्हता.

"बाबा, घर आलं," मुलगी म्हणाली.

"थांबवू नकोस," ते हळूच म्हणाले. "पुढे घे."

"कुठे?"

"कुठेही घे. झोपलीय ती."

मुलीने आरशातून मागे पाहिलं आणि घरावरून गाडी तशीच पुढे नेली. कोपऱ्यावरच्या गतिरोधकापाशी तिने ती इतकी हळू केली, की मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला. लिफ्टवाल्यांनी दोन्ही हातांनी बायकोचे कान झाकले.