चंद्रावरच्या रेघा

बाबांना काही कळतंय की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. पक्षाघातानंतर त्यांची वाचा गेली, उजवा हात गेला आणि नजर आमच्या कोथरूडच्या फ्लॅटच्या छताला चिकटली. डॉक्टर म्हणाले, "कळत असतं तर दिसलं असतं ना, ताई." माझ्या भावाने, दादाने, तेच धरून ठेवलं. पलंगाशी उभा राहून, बाबांच्या देखत म्हणाला, "लोणी काळभोरला एक वृद्धाश्रम बघितलाय. रविवारी सोडू. इथे काय आणि तिथे काय, त्यांना कुठे काय कळतंय!"

मी घसा बसेपर्यंत भांडले. "मग दाखव ना, काय कळतं ते," तो म्हणाला. बोंबला! काय दाखवू?

आठवडाभर वेड्यासारखी धडपडले. जुनी गाणी लावली, आईचा फोटो दाखवला, चिमटासुद्धा काढला. ढिम्म.

मग मला चंद्र आठवला. बुधवार पेठेत बाबांचा फोटो स्टुडिओ होता. माणूस चंद्रावर उतरण्याआधी तिकडे एक बिनमाणसाचं यान पाठवलं होतं. चंद्राभोवती फिरत त्याने फोटो काढले, रोल वरच्या वर स्वतःच धुतला आणि चित्र पट्ट्यापट्ट्यांनी खाली पाठवलं. त्या पट्ट्या जोडलेला फोटो एका मास्तरांनी मोठा करायला आणून दिला. बाबांनी सवयीने ब्रश घेतला आणि जोडाच्या सगळ्या रेघा, ओरखडे समजून, निगुतीने घालवून टाकल्या. मास्तर म्हणाले, "वा! चंद्राला लग्नाच्या अल्बमसाठी नटवलंत की. अहो, त्या रेघा होत्या म्हणून तर तो खरा होता." बाबा ओशाळले, पण त्या यानाच्या प्रेमातच पडले. "डार्करूम पोटात घेऊन गेलं बेटं!" हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावं लागे.

शनिवारी दुपारी मी तो फोटो मोबाइलवर शोधून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. कितीतरी वेळ काही नाही. माझे हात भरून आले. "अहो बाबा, बघा ना हो," मी रडतच म्हणाले. "तुमचं यान!"

डावा हात हलला. बोट काचेवर आलं आणि वरून खाली फिरलं. पुन्हा, जरा बाजूला. पुन्हा. मला आधी वाटलं, फोन दूर सारताहेत. मग मी नीट पाहिलं. मला सापडलेला फोटो कॉम्प्युटरवर साफ केलेला होता, त्यात एकही रेघ नव्हती. बाबा त्या परत काढत होते.

"कळतंय! बाबा, तुम्हाला कळतंय!" मी ओरडले, त्यांच्या कपाळाचे मुके घेतले आणि तिथेच बसून दादाला फोन लावला.

रिंग वाजत होती. बाबांची नजर आता छतावर नव्हती. दाराशी दादाने कालच भरून ठेवलेल्या त्यांच्या बॅगेवर होती. म्हणजे पलंगाशी उभं राहून बोललेलं सगळं, शब्द न् शब्द, त्यांनी ऐकलं होतं.

"हां, बोल," दादा म्हणाला. "उद्या गाडी किती वाजता आणू?"

फोन स्पीकरवर होता. बाबांनी डोळे मिटून घेतले.